डोरोथिया लँग आणि परक्यांचे चेहरे

परक्या मनुष्याच्या तोंडासमोर कॅमेरा धरावयाचा म्हटलें कीं भल्याभल्यांचा हात आखडतो. डोंगराचा, देवळाचा, फुलाचा फोटो घेतांना जो अगदीं निःशंक असतो, तोच आठवड्याच्या बाजारांत एखाद्या म्हातारीची मुद्रा मनांत भरली असतां तीनदां तिच्यापुढून येरझारा घालतो आणि शेवटीं ती पाठमोरी झाल्यावर हळूच कळ दाबून निघून जातो. आज बहुतेक विद्यार्थ्यांच्या घरीं फोन आहे व त्या फोनांत कॅमेरा आहे. त्यामुळें पूर्वीं जो अनुभव थोड्यांचा होता तो आतां सर्वांचा झाला आहे. हें भय निव्वळ भित्रेपणाचें, कीं त्यांत दुसऱ्याविषयींचा कांहीं आदरही मिसळलेला असतो, असा प्रश्न ज्यांच्या मनांत येत असेल त्यांनीं डोरोथिया लँग या अमेरिकन बाईचें चरित्र अवश्य पाहावें. रस्त्यावरच्या अनोळखी माणसांचीं छायाचित्रें घेणारांत तिचें नांव फार मोठें आहे. आणि असा फोटो घेण्याची भीति तिलाही होती.

डोरोथियेचा जन्म २६ मे १८९५ रोजीं न्यू जर्सी संस्थानांतील होबोकन या गांवीं झाला. घराणें मूळचें जर्मन. वडिलांचें आडनांव नुट्झहॉर्न. ते वकिली करीत. लँग हें आईच्या माहेरचें नांव. १९०२ सालीं, वयाच्या सातव्या वर्षीं, डोरोथियेस पोलिओ झाला. जीव वांचला, पण उजवा पाय गुडघ्याखालीं कायमचा दुबळा राहिला व ती जन्मभर लंगडत चालली. सोबतचीं मुलें तिला त्यावरून नांवें ठेवीत. चारचौघांत लेकीचें लंगडणें दिसूं नये म्हणून आईचीही धडपड चाले, आणि मुलांच्या चिडविण्यापेक्षां आईची ती लाज मुलीला अधिक झोंबली. पुढें १९०७ च्या सुमारास वडील घर सोडून गेले. मोठेपणीं तिनें त्यांचें आडनांव टाकून आईचें घेतलें, यावरून हा घाव किती खोल गेला असेल हें दिसतें.

आई न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड या भागांत सार्वजनिक ग्रंथालयाच्या एका शाखेंत नोकरीस लागली व मुलगी त्याच भागांतील शाळेंत जाऊं लागली. युरोपांतून नुकत्याच आलेल्या गरीब कुटुंबांनीं ती वस्ती गजबजलेली होती. शाळेंतील बहुतेक मुलें यहुदी. त्यांत ही एकटी परकी. येण्याजाण्याच्या वाटेवर बाउअरी नांवाचा रस्ता लागे व तेथें दारूनें झिंगलेले पुरुष फरसबंदीवर पडलेले असत. दहाबारा वर्षांच्या लंगड्या मुलीला त्यांच्यामधून वाट काढावी लागे. तेव्हां तिनें एक युक्ति साधली. आपली मुद्रा अशी कोरी ठेवावयाची कीं कोणाची नजर तिच्यावर ठरूंच नये. आपण सर्वांस पाहावें, परंतु आपणांस कोणी पाहूं नये. ही विद्या तिला पुढें फार उपयोगी पडली असें बहुतेक चरित्रकार लिहितात. मला मात्र वाटतें कीं तिच्या आयुष्यांतील खरें मोठें काम ही विद्या विसरण्याचें होतें. तें कसें, हें पुढें येईलच.

शाळा संपल्यावर तिनें घरीं सांगून टाकलें कीं मी छायाचित्रकार होणार. त्या वेळीं तिच्याजवळ कॅमेरा नव्हता व तिनें एकही फोटो काढलेला नव्हता! आईच्या आग्रहास्तव ती कांहीं दिवस शिक्षकांच्या ट्रेनिंग कॉलेजांत गेली खरी. पण तेथें तिचें मन रमलें नाहीं. आमच्या धंद्याची झाली ती हानि छायाचित्रकलेच्या पदरांत पडली, असें म्हणून आम्हां मास्तरांनीं समाधान मानावें हें उत्तम. पुढें तिनें अर्नोल्ड गेंथे या नामांकित छायाचित्रकाराकडे उमेदवारी केली व क्लॅरेन्स व्हाइट यांच्या हाताखालीं कोलंबिया विद्यापीठांत कांहीं काळ शिक्षण घेतलें. या गेंथेसाहेबांविषयीं एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. १९०६ च्या भूकंपापूर्वीं त्यांनीं सॅन फ्रॅन्सिस्कोच्या चिनी वस्तीचीं जीं प्रसिद्ध चित्रें घेतलीं तीं लहानसा कॅमेरा लपवून घेतलीं होतीं, कारण तेथील लोकांना आपला फोटो काढलेला रुचत नसे. परक्याच्या चेहऱ्याचा प्रश्न गुरूनें असा सोडविला. शिष्येनें तो नेमका उलट रीतीनें सोडविला.

१९१८ सालीं एका मैत्रिणीसह ती पृथ्वीप्रदक्षिणेस निघाली. सॅन फ्रॅन्सिस्कोस पोंचतांच दोघींचे पैसे चोरीस गेले आणि प्रदक्षिणा तेथेंच आटोपली. फोटो धुऊन देणाऱ्या एका दुकानांत तिनें नोकरी धरली व पुढल्याच वर्षीं स्वतःचा स्टुडिओ थाटला. येथून पुढें आपण तिला लँगबाई म्हणूं. शहरांतील धनिक कुटुंबें त्यांच्याकडे येऊं लागलीं. १९२० मध्यें मेनर्ड डिक्सन या चित्रकाराशीं त्यांचा विवाह झाला. दोन मुलगे झाले. स्टुडिओंत परक्याचें भय नसतें. तेथें माणूस आपण होऊन येतो, चांगले कपडे घालून येतो, पैसे देतो, आणि आपला चेहरा आपल्या खुषीनें पुढें करतो.

हें स्वास्थ्य १९२९ च्या आर्थिक कोसळीनें संपविलें. १९३३ पर्यंत अमेरिकेंत दर चार कामकऱ्यांमागें सुमारें एक बेकार झाला होता. लँगबाईंच्या स्टुडिओच्या खिडकींतून खालचा रस्ता दिसे. कोठें जावें हें न सुचून कोपऱ्यावर थबकलेलीं माणसें त्या तासन् तास पाहात. आंत रेशमी झग्यांतल्या बायका फोटोसाठीं बसत आहेत व बाहेर हें चाललें आहे, ही विसंगति त्यांना सोसवेना. परंतु खालीं उतरावयाचें कसें? संतापलेल्या, उपाशी, मानहानीनें पोळलेल्या पुरुषांच्या गर्दींत एका लंगड्या बाईनें भलामोठा कॅमेरा घेऊन शिरावयाचें, आणि ज्या स्थितीची त्यांना लाज वाटते त्याच स्थितीचें चित्र घ्यावयाचें! आपणांकडे लोकांनीं टक लावून पाहिलें म्हणजे कसें वाटतें, हें लहानपणापासून त्यांच्याइतकें कोणास ठाऊक होतें?

१९३३ सालीं एके दिवशीं त्या उतरल्या. एकटीचा धीर होईना म्हणून धाकट्या भावाला, मार्टिनला, त्यांनीं सोबत घेतलें. स्टुडिओपासून फार दूर नाहीं अशा ठिकाणीं एका धनिक विधवेनें बेकारांसाठीं अन्नछत्र उघडलें होतें. लोक त्या विधवेस ‘व्हाइट एंजल’ म्हणजे शुभ्र देवदूत म्हणत. तेथील रांगेपाशीं लँगबाईंनीं मोजकेंच काम केलें व त्या माघारी आल्या. त्यांतलें एक चित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. रांगेंतील सर्वांच्या पाठी आपल्याकडे. एकच वृद्ध मनुष्य उलट वळून लांकडी कठड्यावर टेकला आहे. दोन्ही हातांची मूठ घट्ट आवळलेली, बाहूंच्या मध्यें पत्र्याचा डबा, आणि टोपी इतकी पुढें ओढलेली कीं डोळे दिसतच नाहींत. चित्र अप्रतिम आहे यांत शंका नाहीं. पण नीट पाहणारास त्यांत आणखी एक गोष्ट दिसेल. ज्यांची नजर आपल्यावर पडणार नाहीं अशींच माणसें बाईंच्या कॅमेऱ्यानें त्या दिवशीं निवडलीं. बाउअरी रस्त्यावरची ती न दिसणारी मुलगी अजून त्यांच्या अंगांत होती.

तथापि मोठी गोष्ट घडून गेली होती. कोणी हात उगारला नाहीं, कोणी हांकून दिलें नाहीं. बाईंनीं तें चित्र स्टुडिओच्या भिंतीवर लावलें. गिऱ्हाइकें त्याकडे पाहून विचारीत, याचें तुम्ही पुढें काय करणार? याचें उत्तर त्यांच्याजवळ त्या वेळीं नव्हतें.

उत्तर पॉल टेलर यांच्याकडून आलें. हे गृहस्थ कॅलिफोर्निया विद्यापीठांत अर्थशास्त्राचे अध्यापक होते व शेतमजुरांच्या स्थितीचा अभ्यास करीत. १९३४ सालीं एका प्रदर्शनांत त्यांनीं लँगबाईंचीं चित्रें पाहिलीं आणि आपल्या सरकारी चौकशीच्या कामांत त्यांची मदत मागितली. खात्याच्या अंदाजपत्रकांत छायाचित्रकाराची जागा नव्हती, म्हणून बाईंची नेमणूक टंकलेखक या नांवाखालीं झाली! कारकुनी नियमांचा असा सदुपयोग क्वचितच होत असेल. ओक्लाहोमा, टेक्सस इत्यादि भागांत अवर्षण व धुळीच्या वादळांनीं शेतें उजाड झालीं होतीं. तेथील कुटुंबें मोडक्या मोटारींत संसार भरून पिकांच्या हंगामामागें कॅलिफोर्नियाभर हिंडत होतीं. टेलरसाहेब वही काढून एखाद्या कुटुंबप्रमुखाशीं बोलत बसत व बाई बाजूस आपलें काम करीत. १९३५ च्या अखेरीस, दोघांचेही पूर्वींचे विवाह घटस्फोटानें संपल्यावर, त्यांनीं लग्न केलें. त्याच वर्षीं बाई मध्यवर्ती सरकारच्या पुनर्वसन खात्याच्या छायाचित्रकार झाल्या. हेंच खातें पुढें शेतकरी संरक्षण खातें म्हणून ओळखलें गेलें. या दौऱ्यांसाठीं त्यांनीं आपले दोन मुलगे वेळोवेळीं दुसऱ्यांच्या घरीं ठेवले. मुलांना तें फार लागलें, आणि थोर कामाच्या नांवाखालीं तें झांकून टाकणें मला योग्य वाटत नाहीं.

या दौऱ्यांत बाईंनीं परक्यांपुढें जाण्याची जी रीत बसविली ती मुळांतून पाहण्यासारखी आहे. त्या मजुरांच्या तळावर गेल्या म्हणजे गाडीबाहेर येऊन प्रथम नुसत्याच हळूहळू हिंडत. कॅमेरा लपविलेला नसे; तो खांद्यावर किंवा हातांत उघड असे. लोकांना पाहण्यास भरपूर वेळ मिळे: ही कोण, ही लंगडते कां, हिच्या हातांतलें यंत्र कसलें? पोरें भोंवतीं जमत व यंत्राला हात लावूं पाहात. त्या लावूं देत. एखाद्या बिऱ्हाडापाशीं जाऊन प्यायला पाणी मागत आणि तें अगदीं सावकाश पीत. पाण्याचा घोट घेणारास कोणी लगेच हांकून देत नाहीं, हें आपल्या खेड्यांत वाढलेल्या वाचकांस सांगणें नको. मग त्या स्वतःविषयीं बोलत. आपण कोण, सरकारनें आपणांस कां पाठविलें, आपलें वय काय, मुलें किती, हें सर्व विचारण्यापूर्वींच सांगून मोकळ्या होत. कोणी नको म्हटलें तर आग्रह करीत नसत. लंगडणारी बाई आपल्याहून फार सुखी व वरचढ नाहीं असें दुःखितांना वाटे व त्यांचें मन मोकळें होई, असा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. आईनें जी गोष्ट झांकूं पाहिली तीच येथें उपयोगी पडली.

त्यांचा ग्राफ्लेक्स कॅमेराही या रीतीस अनुकूल होता. ती एक मोठी चौकोनी पेटी. वरच्या झांपेंत मान खालीं घालून प्रतिमा जुळवावी लागे. चोरून फोटो घेण्यास असलें यंत्र बिलकुल निरुपयोगी. त्यामुळें समोरच्याची संमति असल्याखेरीज कामच होत नसे. आणि काम आटोपलें कीं बाई गाडींत येऊन त्या माणसांचे शब्द, त्यांचा मूळ गांव, त्यांची मजुरी हीं वहींत टिपून ठेवीत. चित्राइतकेंच त्या टिपणांना महत्त्व आहे असें त्या मानीत. १९३९ मध्यें पतिपत्नींनीं मिळून स्थलांतरितांवर जें पुस्तक काढलें त्यांत लोकांचे असे उद्गार चित्रांखालीं छापलेले आहेत.

परंतु ज्या एका चित्रानें त्यांचें नांव अजरामर झालें तें या रीतीनें घेतलेलें नाहीं.

मार्च १९३६. महिनाभराचा दौरा संपवून बाई एकट्या मोटार हांकीत घरीं चालल्या होत्या. पाऊस पडत होता. निपोमो गांवाजवळ वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. आपलें काम झालें आहे, आतां थांबावयाचें नाहीं, असें मनाशीं घोकीत त्या सुमारें २० मैल पुढें गेल्या. मग एकाएकीं गाडी वळवून परत आल्या. थंडीनें वाटाण्याचें पीक मारलें होतें व मजुरांना काम नव्हतें. एका फाटक्या राहुटींत ३२ वर्षांची एक बाई मुलांसह बसली होती. लँगबाई तिच्याकडे गेल्या, थोडेसें बोलल्या, व सुमारें दहा मिनिटांत, दर वेळीं जरा अधिक जवळ जाऊन, त्यांनीं मोजकीं चित्रें घेतलीं. शेवटल्या चित्रांत दोन मुलें आईच्या खांद्यांवर तोंड लपवून उभीं आहेत, मांडीवर तान्हें आहे, आणि हात गालाशीं नेऊन ती दूर कोठें तरी पाहात आहे. ‘मायग्रंट मदर’, म्हणजे पोटासाठीं भटकणारी आई, या नांवानें तें चित्र जगांत गेलें.

लगेच सॅन फ्रॅन्सिस्कोच्या वृत्तपत्रांत निपोमोची हकीकत व चित्रें छापलीं गेलीं आणि सरकारनें त्या तळावर २०,००० पौंड अन्न पाठविलें. किती तरी पोटें त्या चित्रांनीं भरलीं. पण तें अन्न येईपर्यंत चित्रांतील कुटुंब तेथून निघून गेलें होतें. लँगबाईंनीं त्या दिवशीं त्या स्त्रीचें नांवही विचारलें नव्हतें. त्यांच्या टिपणांत, या लोकांनीं अन्नासाठीं मोटारीचीं चाकें विकलीं, असा मजकूर आहे; कुटुंबानें पुढें तो साफ नाकारला. पावसांत, थकलेल्या स्थितींत, दहा मिनिटांत दुसरें काय होणार, असें म्हणतां येईल. तरी ज्या सावकाशपणानें त्यांनीं शेंकडों परक्यांची भीति आणि आपलीही भीति घालविली, तो सावकाशपणा नेमका येथें सुटला, हें चरित्रकाराला लपवितां येत नाहीं.

यानंतरचीं वर्षें थोडक्यांत सांगतों. १९४१ त त्यांना गुगेनहाइम शिष्यवृत्ति मिळाली. तोंच अमेरिका युद्धांत पडली व त्यांनीं ती अर्ध्यावर सोडली. १९ फेब्रुवारी १९४२ च्या आज्ञेनें पश्चिम किनाऱ्यावरील एक लाखाहून अधिक जपानी वंशाच्या लोकांस घरेंदारें सोडावयास लावून छावण्यांत कोंडण्यात आलें. त्यांपैकीं बहुतेक जन्मानें अमेरिकन नागरिक होते. या कामाचीं चित्रें घेण्यासाठीं सरकारनें लँगबाईंचीच नेमणूक केली. आतां भय परक्यांचें राहिलें नव्हतें. तें बरोबरच्या लष्करी पहाऱ्याचें होतें. कांटेरी तारा, टेहळणीचे मनोरे, बंदुकवाले शिपाई यांचीं चित्रें घेण्यास मनाई होती. तेव्हां बाईंनीं माणसांचीं घेतलीं: कोटाला नंबराची चिठ्ठी अडकविलेलीं मुलें, नीटनेटके कपडे करून सामानावर बसलेले आजोबा, शाळेच्या अंगणांत छातीवर हात ठेवून अमेरिकन झेंड्यास वंदन करणारी जपानी वंशाची पोर. अधिकाऱ्यांना या चित्रांचा अर्थ बरोबर समजला. युद्ध संपेपर्यंत लष्करानें तीं अडकवून ठेवलीं. पुढें तीं सरकारी दप्तरखान्यांत गेलीं, आणि २००६ सालीं त्यांचें पुस्तक निघालें तेव्हां कोठें पुष्कळांना तीं ठाऊक झालीं.

उत्तरायुष्यांत प्रकृतीनें त्यांना फार छळलें. बरें वाटे तेव्हां त्या आयर्लंडला, आशियांत व इजिप्तमध्यें जाऊन आल्या व तेथेंही परक्यांचे चेहरे टिपले. घशाखालच्या अन्ननलिकेच्या कर्करोगानें ११ ऑक्टोबर १९६५ रोजीं त्यांचें देहावसान झालें. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानें त्यांच्या सर्व कामाचें प्रदर्शन योजिलें होतें. त्यासाठीं चित्रें निवडण्याचें काम त्यांनीं आजारपणांत केलें. जानेवारी १९६६ मध्यें तें उघडलें तें पाहण्यास त्या नव्हत्या.

निपोमोच्या त्या स्त्रीचा पत्ता मात्र १९७८ सालीं लागला. कॅलिफोर्नियांतील मॉडेस्टो गांवच्या वृत्तपत्रानें तिला शोधून काढलें. तिचें नांव फ्लॉरेन्स ओवेन्स टॉम्प्सन. ती मूळची चेरोकी या आदिवासी जमातीच्या वंशांतील. तिचें गाऱ्हाणें असें कीं, जग आपला चेहरा ओळखतें, पण आपणांस त्यापासून एक पैही मिळाली नाहीं. फोटो घेणारीनें नांव विचारलें नाहीं. चित्र विकणार नाहीं व एक प्रत पाठवीन असें ती म्हणाली, पण पाठविली नाहीं. चित्र सरकारी मालकीचें असल्यामुळें लँगबाईंनाही त्याच्या विक्रीचा पैसा मिळत नव्हता, हें खरें. परंतु कीर्ति मिळाली, हेंही तितकेंच खरें. या गाऱ्हाण्याला जबाब देण्यास लँगबाई तेव्हां हयात नव्हत्या.

१९८३ मध्यें टॉम्प्सनबाई अंथरुणास खिळल्या व औषधोपचाराचा खर्च मुलांना झेपेना. मुलांनीं लोकांकडे मदत मागितली. ३०,००० डॉलरांहून अधिक रक्कम जमली आणि तिच्याबरोबर सुमारें २,००० पत्रें आलीं. त्या चित्रानें आपणांस वाईट दिवसांत कसा धीर दिला, हें पुष्कळांनीं त्यांत लिहिलें होतें. तोंवर मुलांना हें चित्र म्हणजे आईच्या माथीं बसलेला एक डाग वाटत असे. पत्रें वाचल्यावर त्यांचें मत बदललें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत त्या वारल्या. कॅलिफोर्नियांतील ह्यूसन येथें त्यांचें थडगें आहे. त्याच्या दगडावर वर त्यांचें नांव कोरलें आहे आणि त्याखालीं त्या चित्राचें.